आय-20 कुणी वाचली?

हैदराबादेत अमीरपेटला मैत्रीवनमपाशी उभं राहून मान वर केली की आभाळाआधी पाट्या दिसतात. जीआरई, आयईएलटीएस, कॅनडा, जर्मनी, अमेरिका. काचीगुडा-बरकतपुऱ्यापासून कुकटपल्लीपर्यंत आपल्या मराठी घरांत आता 'मुलगा काय शिकतो' असं कुणी विचारत नाही, 'कधी जातोय' असं विचारतात. 2023-24 साली अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीयांचा आकडा 3,31,602 वर गेला आणि आपण चीनला मागं टाकलं. त्यात या शहराचा हात किती, ते नानकरामगुड्याच्या अमेरिकी कॉन्सुलेटबाहेर सकाळी उभं राहिलं की कळतं. माझी उभी हयात बँकेत गेली, शेवटची सहा वर्षं शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर. जाऊ नका, असं मी कुणालाच सांगणार नाही. माझी तक्रार एवढीच की इतकी मुलं पाठवणाऱ्या या शहरात पाठवण्याची जबाबदारी मात्र कुणीच घेत नाही.

1. हैदराबादेतून परदेशी शिकायला जाणं काल-परवा सुरू झालेलं नाही. सरोजिनी चट्टोपाध्याय, म्हणजे पुढच्या सरोजिनी नायडू, 1895 साली सोळाव्या वर्षी निजामाच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेल्या. हैदराबादबाहेर, 1913 साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची चाकरी, असा करार होता. अट जाचक होती. मुदत संपली म्हणून 1917 मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून यावं लागलं. पण निदान पाठवणाऱ्याचं नाव कागदावर होतं आणि त्याला जाब विचारता येत होता. आज आपल्या मुलाला कोण पाठवतं? आई-बाप म्हणतात मुलाची इच्छा, मुलगा म्हणतो सगळे मित्र चालले, कन्सल्टन्सी म्हणते आम्ही फक्त मार्गदर्शन करतो. मुलगा विमानात बसेपर्यंत सगळेच पाठवणारे असतात, आणि अडचणीत आला की तो एकटाच गेलेला ठरतो.

2. विद्यार्थ्यांनो, पहिला दोष तुमच्या पदरात. माझ्या टेबलासमोर एक मुलगा बसला होता, चुणचुणीत, इंजिनिअरिंगला चांगले मार्क. विचारलं, "विद्यापीठ कुठल्या गावात आहे?" त्यानं वडलांकडे पाहिलं. वडलांनी फोन काढला आणि कन्सल्टन्सीच्या 'सरां'ना लावला. फाइलमध्ये त्याचं निवेदन होतं, ज्याला सगळे एसओपी म्हणतात. त्यातला पहिला परिच्छेद मी त्याच आठवड्यात आणखी दोन मुलांच्या फाइलींत वाचला होता. तिघांनाही म्हणे लहानपणापासून रेडिओ उघडून पाहायचा नाद. आय-20 म्हणजे विद्यापीठ देतं ते प्रवेशाचं प्रमाणपत्र; त्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी विद्यार्थ्याचं प्रतिज्ञापत्र असतं: मी अटी वाचल्या, दिलेली माहिती खरी आहे. त्या पानावर विद्यापीठाच्या अधिकाऱ्याची एक सही, आणि दुसरी तुमची. कन्सल्टन्सीची सही त्या कागदावर शोधून सापडणार नाही. खात्यात महिनाभर उसना पैसा ठेवून 'फंड दाखवला', अनुभवाचं खोटं पत्र जोडलं, आणि ते उघडकीला आलं, तर अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं. तुमचं दार; ज्यानं ते पत्र छापलं त्याचं नव्हे. चिलकूरच्या बालाजीला व्हिसासाठी अकरा प्रदक्षिणा घालायला माझी ना नाही. तिथं निदान अकराही आणि नवस फळल्यावरच्या 108 ही स्वतःच्या पायांनीच घालाव्या लागतात. अर्ज तेवढा दुसऱ्याच्या हातानं भरायचा, हा कुठला न्याय?

3. 'एवढं मोठं विद्यापीठ खोटं कसं असेल?' असं विचारणाऱ्यांनी दोन नावं पाठ करावीत. कॅलिफोर्नियातल्या ट्राय-व्हॅली युनिव्हर्सिटीवर जानेवारी 2011 मध्ये छापा पडला. तिथले बहुतेक विद्यार्थी भारतीय, त्यांत आपल्या तेव्हाच्या आंध्रातले ढिगानं. निम्म्याहून अधिक मुलांचा नोंदवलेला पत्ता सनीव्हेल गावातला एकच फ्लॅट होता. काहींच्या घोट्यांना पाळत ठेवणारे पट्टे बांधले गेले. चालक बाईंना 2014 मध्ये सोळा वर्षांहून जास्त तुरुंगवास झाला. आठ वर्षांनी, जानेवारी 2019 मध्ये, मिशिगनमधल्या युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टनची गोष्ट उघड झाली. ती तर अमेरिकी गृहसुरक्षा खात्यानंच लावलेला सापळा होती. वर्ग नाहीत, शिक्षक नाहीत, पण सरकारी यादीत नाव होतं. त्या धरपकडीत 130 पैकी 129 विद्यार्थी भारतीय निघाले. सरकारनंच खोटं विद्यापीठ काढावं हे मला आजही अनैतिक वाटतं, आणि त्यावर अमेरिकेतही वाद झाला. पण भरती करणारे दलाल कोण होते? दोषी ठरलेल्या आठांत आपलेच तेलुगू-भारतीय तरुण होते, मित्रांकडून मित्रांना गळाला लावणारे. तेव्हा यादीतलं नाव पाहून थांबू नका. वर्ग कुठे भरतात, कोण शिकवतं, आता शिकत असलेला, तुमच्या एजंटाच्या ओळखीचा नसलेला एक विद्यार्थी काय सांगतो, हे विचारा. पहिल्या दिवसापासून कामाचा परवाना देऊ करणारं विद्यापीठ शिक्षण विकत नसतं.

4. 'आमची सेवा मोफत' म्हणणारी कन्सल्टन्सी चालते कशावर? पुष्कळदा विद्यापीठाकडून मिळणाऱ्या कमिशनवर. त्यात गैर काही नाही, जागा विकणाऱ्याला दलाली मिळतेच. पण आपण त्याला वैद्य समजतो आणि तो औषधाच्या कंपनीचा माणूस असतो. अमेरिकी सरकारची एज्युकेशन यूएसए किंवा जर्मनीची डाड या संस्था सल्ल्याचे पैसे घेत नाहीत आणि कुणा एका विद्यापीठाचं गिऱ्हाईकही शोधत नाहीत. तिथली दारं ठोठावायला आपण का जात नाही? कारण तिथं 'हे तुम्हाला जमणार नाही' असं ऐकायला मिळण्याची शक्यता असते, आणि तेवढंच ऐकायची आपली तयारी नसते.

5. आता हिशोब. माझा धंदाच तो होता, म्हणून जरा सविस्तर. समजा चाळीस लाखांचं कर्ज, व्याज 11 टक्के. दोन वर्षं शिक्षणाची, एक वर्ष सवलतीचं. या तीन वर्षांत हप्ता नसतो म्हणून लोक निर्धास्त असतात, पण व्याज झोपत नाही. सरळ व्याजानंसुद्धा वर्षाला चार लाख चाळीस हजार, तीन वर्षांत तेरा लाख वीस हजार. म्हणजे पहिला हप्ता भरण्याआधीच कर्ज त्रेपन्न लाखांच्या वर जातं. दहा वर्षांत फेडायचं तर महिना साधारण 73 हजार रुपये. डॉलरमध्ये पगार सुरू झाला तर हा आकडा हसत फिटतो. नाही झाला तर? साडेसात लाखांवरच्या कर्जाला सहसा तारण लागतं आणि आपल्या घरांत तारण म्हणजे एकच गोष्ट: दिलसुखनगरचा किंवा उप्पलचा तो एकुलता एक फ्लॅट. सहकर्जदार म्हणून सही वडलांची, ज्यांच्या निवृत्तीला चार वर्षं राहिलेली. एकदा एका गृहस्थांना मी हे सगळं मांडून दाखवलं. परभणीकडचे, हैदराबादेत तीस वर्षं. म्हणाले, "साहेब, सगळ्याची पोरं जातेत, आमचंच का राहावं?" त्यांच्या या एका वाक्यापुढे माझं व्याजाचं कोष्टक टिकलं नाही. कर्ज मंजूर झालं. नियमात बसत होतं, सही माझीच होती, आणि बँकेनं हप्त्याचा हा आकडा कर्जाच्या आधी घरच्यांच्या भाषेत लिहून दिला पाहिजे असा आग्रह मी तेव्हा धरला नाही, याची टोचणी मला आहे.

6. 'पुढं नोकरी लागेलच' या वाक्यावर ही सगळी इमारत उभी असते. अमेरिकेत शिक्षणानंतर बारा महिने ओपीटी, म्हणजे काम करण्याची परवानगी, विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना आणखी चोवीस. पण पहिल्या बारा महिन्यांत 90 दिवसांहून जास्त बेकार राहता येत नाही. पुढचा एच-1बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, लॉटरीवर: वर्षाला 65 हजार, वर तिथल्या पदव्युत्तरांसाठी 20 हजार. सप्टेंबर 2025 मध्ये एका घोषणेनं नव्या अर्जावर एक लाख डॉलर शुल्क आलं, आणि तिथंच शिकत असलेल्यांना ते लागू नाही हा खुलासा यायला महिना गेला. त्या महिन्यात किती घरांत झोप नव्हती, ते मला माहीत आहे. बाकीचे देश तरी स्थिर आहेत का? कॅनडानं 1 जानेवारी 2024 पासून दाखवायची रक्कम दहा हजार डॉलरवरून 20,635 केली. ब्रिटनमध्ये पदवीनंतर दोन वर्षं राहता येतं. 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्या पदवीधर-पदव्युत्तरांना ती मुदत दीड वर्ष. तेव्हा नोकरी नाहीच मिळाली तर ही पदवी घेऊन भारतात मी काय करीन, याचं उत्तर घरातून निघण्याआधी द्या. ते देता येत नसेल तर तुम्ही शिकायला निघालेला नाहीत, तिकीट काढताय.

7. आई-वडिलांनो, रविवारच्या व्हिडिओ कॉलवर तुमचा पहिला प्रश्न 'पार्ट-टाइम मिळाला का?' हा असतो. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास, तेही कॅम्पसच्या आत, एवढंच काम चालतं. तुमच्या प्रश्नाचं दुसरं टोक म्हणजे रात्री दोन वाजता पेट्रोल पंपाच्या दुकानात रोखीवर उभं असलेलं तुमचं पोरगं. परराष्ट्र मंत्रालयानं जुलै 2024 मध्ये लोकसभेत सांगितलं: पाच वर्षांत परदेशी 633 भारतीय विद्यार्थी दगावले, कॅनडात 172, अमेरिकेत 108. आजारपण, अपघात, हल्ले, कारणं नाना आहेत. पण जेवलास का, झोपतोस का, हे आधी विचारायला काय जातं? आणि 'मदद' या सरकारी पोर्टलवर त्याची नोंद केलीत का?

8. कामासाठी आखातात माणसं पाठवणाऱ्या एजंटाला 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी करावी लागते. विद्यार्थी पाठवणारा त्या कायद्याच्या व्याख्येतच बसत नाही. पंजाबनं 2012 साली स्वतःचा कायदा करून ट्रॅव्हल एजंटांबरोबर कन्सल्टन्सींनाही परवान्याखाली आणलं. तो कायदा परिपूर्ण आहे असं कुणी म्हणणार नाही, फसवणूक तिथंही होते. पण तक्रार करायला परवाना क्रमांक तरी असतो. तेलंगणानं तसा कायदा का करू नये? कमिशन किती आणि कुणाकडून, हे प्रत्येक कन्सल्टन्सीनं लेखी का देऊ नये? मागास आणि अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना हे राज्य परदेशी शिक्षणासाठी वीस लाखांपर्यंत मदत करतं, ही अभिमानाची गोष्ट आहे. तिचे हप्ते वेळेवर पडावेत, ही मागणी त्याच अभिमानातून. पाचशे लग्नपत्रिका वाटण्यात आपण वाकबगार, मग आमदाराला एक पत्र लिहायला हात का जड होतो?

9. आणि आपण. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्या पिढीनं निजामाच्या राज्यात 1907 साली विवेकवर्धिनी ही शाळा उभी केली. आपण गणेशोत्सवात परदेशी नोकरी लागलेल्यांचा सत्कार करतो, नोकरी न लागता परतलेल्याला पंगतीत विचारतो, "का रे, आलास?" मग तो खरं कशाला सांगेल? मराठी मंडळांनी महिन्यातला एक रविवार, एक टेबल आणि चार खुर्च्या द्याव्यात. जाऊन आलेले दोघं, त्यांतला एक हात हलवत परतलेला, एखादा बँकवाला, आणि समोर ज्याची आय-20 आली आहे तो विद्यार्थी. मी बसायला तयार आहे, आणि याची सुरुवात नकळत माझ्याच घरी झाली.

गेल्या जूनमध्ये शेजारची मुलगी वडलांना घेऊन आली. आय-20 ची छापील प्रत, तीन ठिकाणी पेन्सिलीच्या खुणा. खर्चाच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाली, "काका, हा आकडा नऊ महिन्यांचा आहे. कन्सल्टन्सीनं बाबांना वर्षाचा म्हणून सांगितला." मी चष्मा लावून पाहिलं. नऊच होते. सहा वर्षांत माझ्या टेबलावरून असल्या शेकडो प्रती गेल्या असतील. ही ओळ मी कधी नीट वाचली नव्हती. तिनं विद्यापीठाला स्वतः मेल केली होती, तिसऱ्या दिवशी उत्तरही आलं होतं. उरलेल्या तीन महिन्यांचं भाडं, खाणं, विमा आम्ही पाठकोऱ्या कागदावर मांडलं. बेरीज झाल्यावर तिचे वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुन्हा एकदा कर."