औषध उतरतं, पण आपल्या घाईनं नव्हे

‘उन्हापावसानं फवारलेलं औषध उतरतंच, उरलंसुरलं घरात धुतलं की जातं, मग एवढा बाऊ कशाला?’ कोल्हापूर जिल्ह्यातल्या बिद्रीसारख्या भागात ऊस आणि भाजीपाला दोन्ही घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या बोलण्यात हा युक्तिवाद हमखास येतो. तो तपासून पाहू.

औषध उतरतं, हे मान्य. ऊन, ओलावा, झाडातली विकरं त्याचे रेणू तोडतात. पण किती दिवसांत? शेवंतीच्या कुळातल्या फुलांपासूनचं पायरेथ्रम हे कीटकनाशक उन्हात लवकर निकामी होई, म्हणूनच उन्हात टिकणारी कृत्रिम पायरेथ्रॉइडं तयार झाली. टिकावं म्हणून जे पैसे मोजून घ्यायचं, ते दुसऱ्या दिवशी नाहीसं होईल हा हिशेब कुठला? शिवाय औषध बहुधा निम्म्यानिम्म्यानं घटतं. दोन दिवसांत निम्मं होणारं औषध चौथ्या दिवशीही पाव हिस्सा शिल्लक असतं.

धुण्याचा भरवसाही अर्धाच. सालीवरचं बरंचसं निघतं, पण इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही औषधं झाडाच्या रसात मुरतात. नळाचं पाणी तिथं पोचत नाही. आणि रेणू तुटला म्हणजे विष संपलं, असंही नाही. ॲसिफेट या कीटकनाशकापासून त्याहून जहाल मेथामिडोफॉस तयार होतं. मॅन्कोझेब या बुरशीनाशकाचे अंश शिजवताना तापले की त्यातून इथिलीन थायोयुरिया हे घातक द्रव्य निघतं.

‘मग फक्त सेंद्रियच खा’ म्हणणाऱ्यांचंही पूर्ण पटत नाही. सेंद्रिय शेतीत चालणाऱ्या बोर्डो मिश्रणातलं तांबं हे मूलद्रव्य आहे; त्याचं विघटन होतच नाही, ते मातीत साठत जातं.

मग खरा उपाय कोणता? फवारणी आणि तोडा यांतलं अंतर. क्लोरँट्रानिलीप्रोल हे अळीचं औषध घ्या. लेबलावर शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंतचे दिवस टोमॅटोला ३, भेंडीला ५, वांग्याला २२ आणि उसाला २०८ आहेत. एकच औषध, पण पिकागणिक मुदत वेगळी. भेंडीचा तोडा एक-दोन दिवसांआड, वांग्याचा चार-पाच दिवसांनी. म्हणजे तोडे सुरू झाल्यावर वांग्यावर हे औषध मारलं, तर मुदत पाळणं अशक्यच. म्हणून तोडे चालू असताना कमी मुदतीचं, त्या पिकासाठी शिफारस असलेलं औषधच निवडावं. फवारा तोडा झाल्यावर मारावा आणि मुदत भरेपर्यंतचा माल बाजारात पाठवू नये.

‘शेतकऱ्याला एवढ्या तारखा सांभाळणं जमायचं नाही’ ही शेवटची सबब. बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याकडे ऊस घालणारा शेतकरी लागणीची नोंद करतो आणि तारखेनुसार तोडणीची पाळी येण्याची वाट पाहतो. उसाला वर्ष-दीड वर्ष थांबणाऱ्याला वांग्यासाठी तारीख लिहिणं जड का जावं? द्राक्षबागायतदारांनी ते करून दाखवलंय. २०१० साली क्लोरमेक्वॉट या वाढनियंत्रकाच्या अंशांवरून आपली द्राक्षं युरोपात अडकली. आज निर्यातीचा माल अंश तपासूनच जातो, आणि कोणत्या बागेतला तो हेही कळतं.

परदेशी ग्राहकासाठी जी शिस्त आपण पाळतो, ती कोल्हापूरच्या बाजारातल्या गिऱ्हाईकालाही मिळाली पाहिजे. भाजीच्या प्रत्येक क्रेटबरोबर औषधाचं नाव आणि फवारणीची तारीख लिहिलेली चिठ्ठी यावी. व्यापाऱ्यानं ती मागावी, बाजार समितीनं अधूनमधून नमुने तपासावेत, आणि मुदत पाळणाऱ्याला दोन पैसे जादा द्यावेत. थांबण्याची किंमत एकट्या शेतकऱ्यानं का सोसावी?