सर्व क्षेम

शाळेंत पत्रलेखन शिकवितांना ‘येथील सर्व क्षेम’ हे शब्द आम्ही मुलांकडून वर्षानुवर्षें गिरवून घेतले. त्यांचें मोल मात्र युद्धबंद्यांच्या पत्रांविषयीं वाचतांना कळलें.

ता. १५ फेब्रुवारी १९४२ रोजीं सिंगापूर पडलें आणि ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन व हिंदी मिळून ८०,००० हून अधिक सैनिक जपानच्या हातीं सांपडले. बंद्यास घरीं पत्र लिहूं द्यावें, असा १९२९ चा जिनिव्हा येथील करार होता. जपाननें त्यावर सही केली होती, पण त्यास अंतिम मान्यता दिली नव्हती. बंद्यांच्या हातीं पडे तें बहुधा छापील कार्ड. प्रकृति उत्तम, नेहमीसारखी कीं वाईट, यांतील नको तें खोडावयाचें व खालीं सही करावयाची. सयाम-ब्रह्मदेशच्या लोहमार्गावर अर्धपोटीं राबणाऱ्यानेंही ‘वेतनावर काम करीत आहें’ हेंच छापील वाक्य घरीं धाडावें! तें पोंचण्यास कधीं वर्षाहून अधिक काळ लागे. कित्येकदां तोंपर्यंत धाडणारा हयातही नसे.

मजकूर सर्वांचा एकच. आपल्या मुलाची म्हणावी अशी त्यांत केवळ सही. तेवढ्यावर आईनें दिवस काढावयाचे.

वाचकहो, आम्ही परगांवीं नोकरीस असतां आई दर आठवड्यास पोस्टकार्ड धाडी, आणि उत्तरीं आम्ही ‘सर्व क्षेम’ एवढेंच लिहून मोकळे होत असूं. आमच्या लेखणीवर तर कोणाचाच पहारा नव्हता. ज्यांची आई अजून वाट पाहते आहे, त्यांनीं तरी आज चार ओळी अधिक लिहाव्या.