उसनं विरजण

अठ्ठावन्नाव्या वर्षी मला निवृत्त केलं, तेव्हा कचेरीने निदान शाल आणि नारळ दिला होता. माझ्या कॉम्प्युटरला तेवढंही मिळालं नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात त्याच्या पडद्यावर सरळ नोटीसच आली. यापुढे या ऑपरेटिंग सिस्टिमची डागडुजी बंद! नवी सिस्टिम घ्यायची म्हणाल, तर हा कॉम्प्युटर तिला पात्र नाही. का? तर त्याचा प्रोसेसर कंपनीच्या मंजूर यादीत बसत नाही. अहो, पंखा फिरतो आहे, पडदा उजळतो आहे, माझे लेख संपादकांकडे जाऊन इमानेइतबारे परत येताहेत. मग बिघडलं काय? काही नाही. वय झालं, एवढंच.

आता आमचं घर म्हणजे काही टाकून देणाऱ्यांचं घर नव्हे. साडीची गोधडी, गोधडीचं पायपुसणं आणि पायपुसण्याचं सायकल पुसायचं फडकं झाल्याशिवाय आमच्याकडे कापडाला मोक्ष नाही. समोरच्या ब्लॉकमधले निवृत्त बँक अधिकारी मात्र म्हणाले, "भंगारात द्या हो. चाळीस-पन्नास हजारांत नवा छान येतो."

'चाळीस-पन्नास हजार' हे शब्द ऐकून ही पोळी तव्यावर टाकून बाहेर आली.

शेवटी धावून आला भाचा. "मामा, लिनक्स टाकून बघ ना. फुकट आहे. आधी चव घे, मग ठरव."

आंबेवाला फोड कापून हातावर ठेवतो, तसाच हा प्रकार निघाला. पेन ड्राइव्ह खुपसायचा, कॉम्प्युटर त्याच्यावरून सुरू करायचा आणि सिस्टिम वापरून बघायची. नाही आवडली तर पेन ड्राइव्ह काढून घ्यायचा. आतल्या सामानाला धक्का नाही. आठ दिवसांत मी तीन फोडी चाखल्या. पहिली डेबियन, १९९३ सालची. ती काढणाऱ्या इयान मर्डॉक यांनी स्वतःचं आणि तेव्हाच्या प्रेयसीचं नाव जोडून हे नाव ठेवलं. आपल्याकडे बंगल्याला ठेवतात तसं. डेबियनमधून २००४ साली निघाली उबुंटू आणि उबुंटूतून २००६ साली मिंट. एकीतून दुसरी निघालेली पाहून मला आपल्या नाट्यसंस्था आठवल्या. फरक इतकाच, की इथे बाहेर पडणारा सगळं सामान घेऊन गेला तरी पहिल्याचं काही कमी होत नाही! मी मिंटवर मुक्काम टाकला.

ही बातमी समोरच्या ब्लॉकमध्ये पोचली.

"फुकट?" साहेबांनी भुवया उंचावल्या. "मग काहीतरी गोम असणार. फुकटच्या वस्तूवर माझा विश्वास नाही."

हे उद्गार कोणाचे? तर ज्यांच्या घरात गेल्या वीस वर्षांत आलेली प्रत्येक सिस्टिम फुटपाथवरच्या शंभर रुपयांच्या सीडीतून किंवा 'आपल्या ओळखीच्या एका मुला'कडून आलेली आहे, त्यांचे! आणि ते एकटे नाहीत. आपण सगळे त्याच पंगतीतले. चोरीचं आपल्याला चालतं, फुकटचं चालत नाही. कारण चोरीच्या मालावर निदान छापील किंमत असते. ती आपण बुडवली याचं समाधान मिळतं. ज्याला किंमतच नाही, त्याचं बुडवणार काय?

मुळात मुद्दा फुकटचा नाहीच. एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा एक माणूस होता. तिथला प्रिंटर सारखा अडायचा. त्याचा प्रोग्राम मिळाला तर सोय करून घेतो, असं तो म्हणाला. प्रोग्राम मिळाला नाही. आपल्याकडे असा माणूस चहा पिऊन गप्प बसला असता. यांनी १९८३ साली अख्खी मुक्त सिस्टिम लिहायची घोषणा केली. तिला हवा असलेला गाभा १९९१ मध्ये हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने छंद म्हणून लिहायला घेतला. परवाना त्यांनी असा केला, की तो आपल्या आज्जीला पहिल्या झटक्यात कळला असता. शेजारणीकडून चमचाभर विरजण आणा, हवं तेवढं दही लावा, हवं तर विका. पण उद्या तुमच्या दारात वाटी घेऊन कोणी आलं, तर नाही म्हणायचं नाही. झाला परवाना!

आणि हे दही साधंसुधं नाही. २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतले सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात. साहेब ज्या अँड्रॉइड फोनवरून मला 'असलं काही टिकत नसतं' असं कळवतात, त्या फोनचा गाभाही लिनक्सच आहे. हे त्यांना सांगितल्यावर त्यांनी फोन जरा लांब धरला.

सगळं गोडच आहे असं मी म्हणणार नाही. माझा प्रिंटर दोन दिवस रुसून बसला होता. त्याहून मोठा धक्का म्हणजे माझे वीस वर्षांचे जुने लेख. उघडले तर इंग्रजी अक्षरांची भेळ! ते टाइप केले होते युनिकोडच्या आधीच्या एका विकतच्या फॉन्टमध्ये, आणि तो फॉन्ट नव्या घरात नव्हता. रागाने मी लिनक्सला चार शिव्या दिल्या. मग लक्षात आलं, शिव्या चुकीच्या पत्त्यावर गेल्या. लेख माझे, भाषा माझ्या आईची, आणि किल्ली मात्र दुसऱ्याच्या कनवटीला! वीस वर्षं मी भाडेकरू होतो आणि स्वतःला मालक समजत होतो. कॉम्प्युटर मी पैसे मोजून घेतला, विजेचं बिल मी भरतो. आणि तो म्हातारा केव्हा झाला, हे ठरवणार सातासमुद्रापलीकडचा कोणी तरी? गोम असलीच तर ती इथे आहे, साहेब, फुकटात नाही.

गेल्या रविवारी साहेब स्वतः आले. त्यांच्याही पडद्यावर नोटीस लागली होती. पेन ड्राइव्ह पुढे करत हळूच म्हणाले, "ते तुमचं मिंट... पण फुकट नको हं. हे शंभर रुपये ठेवा."

मी ठेवले. परवान्यात विकायला मनाई नाही.

आता ते जिना चढता-उतरता सगळ्यांना सांगतात, "उत्तम सिस्टिम आहे. विकत घेतली आहे मी!"