चमचा तिच्या हाती, चिठ्ठी मात्र दुसऱ्याच्या



या वेळचे संपादकीय मुलांच्या औषधांवर लिहायचे ठरले, तेव्हा आमच्यातल्याच एकीने विचारले, "हा स्त्रियांचा प्रश्न कसा काय? हा तर डॉक्टरांचा प्रश्न." तिचे विचारणे रास्त होते. म्हणून आधी त्याचेच उत्तर देते.

आजारी मुलाला औषध कोण पाजते? दवाखान्यात खाटेशेजारी जमिनीवर चटई टाकून रात्र कोण काढते? तोंडात थेंब घालणे, सलाईनच्या बाटलीवर लक्ष ठेवणे, घरी आल्यावर सहा-सहा तासांनी उठणे ही सारी कामे आईची, नाहीतर आजीची, नाहीतर थोरल्या लेकीची. मात्र औषधाची माहिती तिच्याकडे कोणी देत नाही. चिठ्ठी, बिल, सही, डॉक्टरांशी बोलणे हे बाप्याचे काम समजले जाते. मूल घरी सोडताना सूचना सांगितल्या जातात त्या पुढे उभ्या असलेल्या पुरुषाला. ती मागे मूल घेऊन उभी असते. ज्याने ऐकले तो औषध पाजणार नाही आणि जी पाजणार तिला कोणी सांगितलेले नाही. चूक होण्याची निम्मी तयारी इथेच होते. आणि चूक झालीच तर? "आई असून कळलं नाही तुला?" हे ऐकायला मात्र तीच पुढे.

शिरोली एमआयडीसीच्या वस्त्यांमधून बैठकांच्या निमित्ताने मी हिंडते. महामार्गाला लागून फौंड्र्या, मशिन शॉप. त्यांच्या आधाराने वाढलेल्या खोल्या. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाहून आलेली कुटुंबे आहेत, सीमेपलीकडची कानडी बोलणारी आहेत आणि आपली आजूबाजूच्या खेड्यांतली माणसे तर आहेतच. अशा खोलीत डिस्चार्ज कार्ड येते ते इंग्रजीत. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरेही इंग्रजीत. दवाखान्यातली सिस्टर मराठीत सांगते, आईला कळते फक्त हिंदी, नाहीतर कानडी. ती मान हलवते, कारण 'समजलं नाही' म्हणायची सोय तिला कोणी ठेवलेली नाही. ठेकेदाराकडे काम करणारीला तर दुसऱ्या दिवशी खाडा परवडत नाही. मग ती कामावर जाते आणि औषधाची बाटली सोपवली जाते दहा वर्षांच्या लेकीवर. म्हणजे आईलाच न सांगितलेली माहिती आता त्या पोरीने पाळायची!

यातला धोका किती खरा आहे ते एका साध्या हिशेबाने पाहू. तापासाठी पॅरासिटामॉल घराघरांत असते. लहान बाळांसाठी त्याचे थेंब मिळतात, त्यात १ मि.ली.मध्ये १०० मि.ग्रॅ. औषध असते. मोठ्या बाटलीतल्या पातळ औषधात ५ मि.ली.मध्ये १२५ मि.ग्रॅ. किंवा २५० मि.ग्रॅ. असते. नाव एकच, ताकद वेगळी. दहा किलो वजनाच्या मुलाला एका वेळी साधारण १५० मि.ग्रॅ. लागते. आता 'एक चमचा द्या' एवढेच सांगितले आणि घरात बाटली थेंबांची असली, तर त्या चमच्यातून ५०० मि.ग्रॅ. पोटात जाते, म्हणजे तिपटीहून जास्त. असे दिवसातून चार वेळा झाले तर यकृताला इजा होऊ शकते. शिवाय घरातला चमचा ५ मि.ली.चाच असतो असे कोणी सांगितले? पोह्याचा चमचा मोठा, चहाचा लहान. मुलाचा डोस वजनावर ठरतो, म्हणून मोठ्यांना चालून जाते ती चूक मुलाला चालत नाही. लिहिताना '.५' मधला टिंब पुसट झाला की डोस दहापट होतो. ही चूक तर दवाखान्यातही होते.

हे सगळे सिस्टरच्या माथी मारण्यासाठी मी लिहीत नाही. एका सिस्टरकडे किती खाटा असतात, रात्रपाळीला ती किती वेळा एकटी असते, हे आपल्यातल्या परिचारिका मैत्रिणी सांगतातच. ३१ जानेवारी २०२१ ची यवतमाळ जिल्ह्यातली घटना आठवा. घाटंजी तालुक्यात पोलिओच्या थेंबांऐवजी बारा मुलांना हात धुण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. मुले वाचली, हे नशीब. लगेच तिघांना निलंबित करण्याचे जाहीर झाले, त्यात एक आशा कार्यकर्तीही होती. चूक गंभीर होती, यात वाद नाही. पण लसीजवळ सॅनिटायझरची बाटली ठेवायची वेळ का आली, पाजण्याआधी दुसऱ्या कोणी बाटली तपासायची पद्धत होती का, तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या आशाला किती तासांचे प्रशिक्षण मिळाले, हे प्रश्न निलंबनाने सुटत नाहीत. खालच्या पायरीवरची बाई काढून टाकली की वरच्या पायऱ्या निवांत होतात. आणि ज्या ठिकाणी चूक कबूल केली की नोकरी जाते, तिथे पुढची चूक लपवली जाते.

आणखी वरची पायरी औषध कंपन्यांची. २०२५ च्या सप्टेंबरपासून मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातली लहान मुले खोकल्याचे 'कोल्ड्रिफ' हे औषध घेऊन मूत्रपिंडे निकामी होऊन गेली, वीसहून अधिक. त्यांतल्या अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणले होते. तमिळनाडूत बनलेल्या त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष ४८.६ टक्के निघाले, मर्यादा ०.१ टक्के आहे. हेच विष १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून गेले होते, चौदा रुग्ण दगावले होते आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने सरकारी यंत्रणेचे वाभाडे काढले होते. जवळजवळ चाळीस वर्षांनी तेच विष मुलांच्या बाटलीत! इथे आईने कितीही नीट मोजून पाजले तरी उपयोग नव्हता. पण मुलाची लघवी बंद झाली ही खूण सर्वांत आधी घरातच दिसते, आणि ती कुणाला, केव्हा सांगायची हे आईला ठाऊक असले तर काही तास वाचतात. केंद्रीय आरोग्य खात्याने ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सांगितले की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही सहसा टाळावीत. हा सल्ला डॉक्टरांच्या टेबलापर्यंत पोचला असेल. शिरोलीतल्या खोल्यांपर्यंत तो कोण पोचवणार?

आईचे ऐकून न घेणे ही काही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही. इंग्लंडमध्ये २०२१ साली मार्था मिल्स ही तेरा वर्षांची मुलगी रुग्णालयात दगावली. तिची प्रकृती बिघडते आहे असे आईवडील सांगत होते, त्यांचे ऐकले गेले नाही. आई मेरोप मिल्स यांनी हा प्रश्न लावून धरला आणि २०२४ पासून तिथल्या रुग्णालयांत 'मार्थाचा नियम' लागू होऊ लागला. त्यानुसार घरच्यांना काळजी वाटली तर दुसऱ्या तज्ज्ञ पथकाकडून तातडीने तपासणी मागता येते. एका आईच्या दुःखातून सगळ्यांसाठी हक्क तयार झाला.

आपल्यालाही हे काम नवीन नाही. १९८० च्या दशकात गरोदरपणाची चाचणी म्हणून दिल्या जाणाऱ्या ईपी औषधांविरुद्ध आणि नेट-एन इंजेक्शनविरुद्ध स्त्री-संघटनाच उभ्या राहिल्या. 'आमच्या शरीरात काय घालता ते आम्हाला सांगा' ही मागणी आपलीच. आता तीच मागणी मुलांसाठी करायची आहे.

मग काय करता येईल? दवाखान्यातून निघण्याआधी प्रत्येक आईने पाच गोष्टी विचाराव्यात, असे गटागटांतून सांगू या. औषधाचे नाव काय आणि ते कशासाठी? एका वेळी किती मि.ली.? दिवसातून किती वेळा आणि किती दिवस? आधीचे औषध चालू ठेवायचे की बंद? आणि काय दिसले तर लगेच परत यायचे? मुलाचे वजन चिठ्ठीवर लिहिले आहे ना, तेही पाहायचे. मोजायला खुणांचे टोपण किंवा सुई नसलेली सिरिंज मागून घ्यायची.

पण सगळा भार आईच्याच हुशारीवर टाकला तर आपणही तिलाच पुन्हा जबाबदार धरू. म्हणून व्यवस्थेकडेही मागायचे. सीपीआरपासून खासगी बालरुग्णालयांपर्यंत डिस्चार्ज कार्ड मराठी, हिंदी आणि कानडीत असावे. वाचता न येणारीसाठी सूर्य-चंद्राची चित्रे असावीत. सूचना औषध पाजणारीलाच द्याव्यात आणि 'समजलं का?' न विचारता 'किती देणार ते भरून दाखवा' असे म्हणावे. दोन मिनिटांचे काम आहे. त्यासाठी पुरेशा परिचारिका नेमाव्यात. चूक कळवणाऱ्या कर्मचाऱ्याला शिक्षेची भीती नसावी. मूल आजारी असताना कंत्राटी कामगार बाईला पगारी रजा मिळावी. राज्याच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार खासगी रुग्णालयात रुग्णहक्कांची सनद लावणे बंधनकारक आहे. ती भिंतीवर आहे का आणि कोणत्या भाषेत आहे, हे प्रत्येक गटाने जाऊन बघावे. औषधाचा दुष्परिणाम दिसला तर १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर सामान्य माणसालाही कळवता येते.

जागतिक आरोग्य संघटनेने १७ सप्टेंबर २०२५ चा रुग्णसुरक्षा दिन नवजात बाळांच्या आणि मुलांच्या सुरक्षित उपचारांसाठी वाहिला होता. घोषणा चांगली आहे. ती शिरोलीत खरी ठरायची तर चमचा जिच्या हाती, तिच्या हाती चिठ्ठीचा अर्थही यायला हवा. आपल्या वस्तीतल्या डिस्चार्ज कार्डांची भाषा, बायांना आलेले अनुभव आणि एखाद्या सिस्टरने नीट समजावून सांगितल्याची उदाहरणेही आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या अंकात ती छापू, आणि तोच कागद घेऊन रुग्णालयांच्या दारात जाऊ.