हाताशी असलेले व्याकरण

'इन म्हणजे आत, ऑन म्हणजे वर, अंडर म्हणजे खाली' हे कोष्टक पाठ करून घेण्याची पद्धत आपल्याकडच्या इंग्रजीच्या वर्गांत चांगलीच मुरलेली आहे. टेबलावरच्या पुस्तकापुरते ते चालते. 'ऑन मंडे' आले की मोडते. कारण मराठी माणूस सोमवारावर येत नाही, सोमवारी येतो. मग विद्यार्थ्याला दोन सल्ले मिळतात: हे पाठ कर, आणि मराठीतून विचार करू नकोस. माझा आक्षेप दुसऱ्या सल्ल्याला आहे.

मुळशी तालुक्यातल्या रिह्यासारख्या गावातला, भातशेतीच्या घरातला एखादा विद्यार्थी डोळ्यांपुढे आणावा. 'लावणीला हाताशी माणूस नाही', 'हाताखाली चार गडी आहेत', 'माझ्या हातून चूक झाली', 'त्यांचे पोट हातावर आहे', 'प्रकरण हाताबाहेर गेले' ही वाक्ये त्याला कोणी शिकवलेली नसतात. हात तोच, पण जोडलेला प्रत्यय वा शब्दयोगी अव्यय बदलले की अर्थ पालटतो. जवळ असणे म्हणजे उपलब्ध असणे, खाली असणे म्हणजे अधिकारात असणे, बाहेर जाणे म्हणजे ताबा सुटणे. स्थळाचे नाते येथे व्यवहाराचे नाते होते. अशी रूपके भाषेचा अलंकार नसून विचाराचा पाया असतात, हे लेकॉफ आणि जॉन्सन यांनी १९८० साली ग्रंथ लिहून मांडले. आपला विद्यार्थी ते रोज बोलतो.

अशा मुलाला 'ॲट हँड' आणि 'आउट ऑफ हँड' परके का वाटावेत? आणि जिथे वाटा फुटतात, तिथेही तुलनाच कामी येते. मराठीत आपण माणसावर रागावतो. इंग्रजीत तिथे 'विथ' येतो. 'अँग्री ऑन मी' लिहिणारा मुलगा अडाणी नसतो. तो मराठीतले चित्र इमानाने इंग्रजीत नेत असतो. त्याच्या वहीवर नुसती लाल फुली मारण्याऐवजी हे त्याला सांगितले पाहिजे.

अर्थात प्रत्येक प्रयोगामागे चित्र सापडत नाही. पुष्कळसे निव्वळ रूढीने ठरते आणि ते पाठच करावे लागते. परीक्षेतल्या रिकाम्या जागाही तुलनेला वेळ देत नाहीत. पण पाठांतर हा शेवटचा उपाय असावा, पहिला नव्हे.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांच्यापुढे इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. इंग्रजीच्या आरशात आपण मराठी पाहिली, आणि त्यात काही गैर नव्हते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गातच इंग्रजी आली आहे. आता तोच आरसा उलटा धरायला हवा. तसे न केल्यास मुलाला इंग्रजी येईल की नाही हे सांगता येत नाही. आपली भाषा ही शिकण्यातली अडचण आहे, एवढे मात्र तो पक्के शिकेल.