खड्ड्याला अनुदान, पाणी वाऱ्यावर

2016 च्या उन्हाळ्यात बीड जिल्ह्यातील धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरची तहान भागविण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत राज्य शासनाने 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आणली होती. प्रत्येक तळ्यामागे कमाल 50 हजार रुपये अनुदान. पुढे ही मर्यादा 75 हजारांवर गेली. योजनेच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न हेतूचा नसून हिशेबाचा आहे.

शेततळे वाहून जाणारे पावसाचे पाणी अडविण्यासाठी असते. मराठवाड्यात मात्र अनेक ठिकाणी प्लास्टिक अंथरून विहिरी-बोअरचे पाणी उपसून तळी भरली जातात. जमिनीच्या पोटात सुरक्षित असलेले पाणी वैशाखाच्या उन्हात उघडे ठेवायचे आणि याला जलसंधारण म्हणायचे! शेजारच्या कोरडवाहू शेतकऱ्याची विहीर आटते. पण अनुदान थांबत नाही. कारण अनुदान खड्ड्याच्या लांबी-रुंदीवर मिळते; तो कोणत्या पाण्याने भरला, हे विचारलेच जात नाही.

ठिबक सिंचनाची कथा वेगळी नाही. केंद्राच्या योजनेत अल्पभूधारकास 55 टक्के अनुदान असून राज्याच्या पूरक अनुदानासह ते 80 टक्क्यांपर्यंत जाते. परंतु संच आधी पदरमोड करून बसवायचा आणि अनुदानाची महिनोन्‌महिने वाट पाहायची! ज्याच्या हाती रोकड तोच लाभार्थी. आष्टी-पाटोद्याचा ऊसतोड मजूर सहा महिने परजिल्ह्यात कोयता चालवितो, त्याच्यापर्यंत हे पोहोचावे कसे? शिवाय ठिबकने वाचलेले पाणी जर उसाचे क्षेत्र वाढविण्यातच जिरणार असेल, तर बचत कोणाची झाली?

डिसेंबर 2014 मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानावर 9,633 कोटींहून अधिक खर्च होऊनही भूजलपातळी वाढविण्यात फारसे यश आले नाही, असा ठपका महालेखापालांनी 2020 मध्ये ठेवला. परळी तालुक्यातील कामांतील गैरव्यवहाराबद्दल तर गुन्हे नोंदले गेले. विरोधकांनी त्याचे राजकारण केले, हे खरेच. पण म्हणून ठपका खोटा ठरत नाही. सरकार आपल्या विचारांचे असेल तेव्हा हिशेब अधिक कठोरपणे मागणे, हेच कार्यकर्त्याचे कर्तव्य नव्हे काय?

मार्ग अज्ञात नाही. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावात पाणी पंचायत उभारली. तिने पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या प्रमाणात वाटले आणि उसाला मज्जाव केला. हिवरे बाजारने सिंचनासाठी बोअर घेण्यास बंदी घातली. या गावांनी आधी नियम केला, मग निधी वापरला. बीडमध्ये निधी आधी येतो आणि नियम येतच नाही. भूजलाचा 2009 चा कायदा आहेच. गावपातळीवर तो कोठे दिसतो?

परळी वैजनाथाच्या मंदिराचा जीर्णोद्धार करणाऱ्या अहिल्यादेवींनी देशभर विहिरी आणि बारव बांधले. ते पाणी साऱ्या समाजाचे होते. आज प्रत्येकाचे तळे स्वतंत्र आणि प्रत्येकाची तहानही स्वतंत्र झाली आहे. अनुदान गावाने केलेल्या पाण्याच्या ताळेबंदाशी जोडले जावे, ते वेळेवर मिळावे आणि लाभार्थ्यांची नावे ग्रामसभेत वाचली जावीत. शासन हे करीत नसेल, तर गावोगावच्या कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेतच हा प्रश्न उभा करावा. पैसा पुन्हा देता येतो. उपसलेले पाणी परत आणता येत नाही.