दिलें काय आणि राखलें काय?

चित्रकारानें चित्र विकलें म्हणजे त्याचे सारे हक्क गिऱ्हाइकाकडे गेले, अशी समजूत सुशिक्षित घरांतूनही आढळते. कागद करावयाची वेळ आली कीं 'विकलें', 'देऊन टाकलें', 'हक्क सोडले' यांपैकीं जो शब्द प्रथम सुचेल तो लिहिला जातो. परंतु कायद्याच्या दृष्टीनें या शब्दांचे अर्थ एक नव्हेत, आणि भलत्या शब्दाची किंमत पुष्कळदां चित्रकाराच्या मुलाबाळांस मोजावी लागते. म्हणून या खेपेस आम्ही त्याच शब्दांचा थोडा विचार करणार आहों.

'विक्री' हा शब्द वस्तूचा आहे. विकत घेतलेलें चित्र दिवाणखान्यांत लावतां येतें. पण त्याच्या प्रती छापून दिनदर्शिका काढण्याचा हक्क तेवढ्यानें मिळत नाहीं. तो हक्क म्हणजे प्रताधिकार. (पैसे देऊन मुद्दाम काढवून घेतलेल्या चित्राची गोष्ट निराळी. तेथें उलट करार नसल्यास प्रताधिकार प्रथमपासून काढवून घेणाराचाच असतो.) हा प्रताधिकार दुसऱ्याच्या नांवें करून द्यावयाचा, तर त्यास 'अभिहस्तांकन' हा शब्द आहे. तो आपणाकडेच ठेवून केवळ वापराची मोकळीक द्यावयाची, तर ती 'अनुज्ञप्ति', म्हणजे रोजच्या भाषेंतला परवाना. घर विकणें आणि घर भाड्यानें देणें यांत जो भेद, तोच येथें समजावा. 'हक्क सोडणें' याचा अर्थ तर तिसराच. कर्त्यानें रीतसर सूचना देऊन हक्क सोडला म्हणजे तो कोणाकडेही न जातां संपुष्टांतच येतो.

१९५७ च्या कायद्याप्रमाणें अभिहस्तांकन लेखी व सहीचें असावें लागतें. कृति कोणती, हक्क कोणते, मुदत किती आणि मुलूख कोणता, हें त्यांत नमूद हवें. मुदत न लिहिल्यास ती ५ वर्षांची व मुलूख न लिहिल्यास तो भारतापुरता धरला जातो. प्रताधिकार कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षें टिकतो. तेव्हां आज घाईनें लिहिलेली एक ओळ नातवंडांपर्यंत पोंचते, हें वडील मंडळींनीं ध्यानांत घ्यावें.

तथापि सर्व कांहीं देऊनही एक गोष्ट कर्त्याजवळ उरते. कृति आपली आहे असें सांगण्याचा आणि तिची विटंबना रोखण्याचा हक्क अभिहस्तांकनानंतरही जात नाहीं. कर्त्यामागें त्याचे वारसही तो बजावूं शकतात. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचें विज्ञान भवनांतील भव्य भित्तिशिल्प १९७९ सालीं काढून टाकण्यांत आलें. २००५ सालीं दिल्लीच्या उच्च न्यायालयानें त्याचे अवशेष त्यांस परत देवविले व ५ लाख रुपये भरपाईही देवविली.

यास्तव आमची सूचना इतकीच कीं, सहीपूर्वीं घरांतील चार माणसांनीं कागद वाचावा आणि पाहावें: वस्तु दिली, हक्क दिला, कीं नुसती मोकळीक दिली?